ड्रायव्हरचा मासा

"अहो, त्याच्या तोंडात बोट घालून काय करताय?"

मिस्त्री स्टुलावर उभा होता. डाव्या हातात टॉर्च, आणि उजव्या हाताचा अंगठा भिंतीवरच्या माशाच्या तोंडात पार आतपर्यंत. बायकोची दवाखान्यातली पाळी दुपारी संपते या भरवशावर तो चढला होता, आणि ती नेमकी आज लवकर सुटली होती. नर्सच्या रबरी बुटांचा आवाज येत नाही, एवढं तरी त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

"धूळ पुसतोय," तो म्हणाला.

"तोंडातली?"

"धूळ काय जागा विचारून बसते का?"

बायकोनं पर्स खुंटीला अडकवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्न झाल्यापासून या माणसानं त्या माशावरून एकदाही फडकं फिरवलेलं तिला आठवत नव्हतं.

"उतरा खाली. पडलात तर मलाच पट्ट्या बांधाव्या लागतील," असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

मिस्त्री उतरला. अंगठ्याच्या टोकाला ती खरखर अजून जाणवत होती, बारीक पॉलिश पेपरवर बोट फिरवल्यासारखी. माशाची जीभ खरखरीत होती! त्याला मनातून अशा उकळ्या फुटत होत्या की चहात साखर नाही हे अर्धा कप संपेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

मासा त्याचा नव्हता. तो बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा. तो नवरा बसवर ड्रायव्हर होता, आणि गल्लीत आजही त्याला नुसतं ड्रायव्हर म्हणत. एका सकाळी डेपोत बसच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. पुढे दोन-तीन वर्षांनी मिस्त्रीनं तिच्या आईशी लग्न केलं, आणि आपल्या हत्यारांच्या दोन पेट्या घेऊन तो या घरात राहायला आला. घरात तो आला तेव्हा मासा भिंतीवर होताच.

जिवंत माणसावर जळणं सोपं असतं. त्याला कधीतरी सर्दी होते, त्याचं पोट सुटतं, चारचौघांत तो काहीतरी मूर्खासारखं बोलून जातो, आणि आपल्याला तेवढंच बरं वाटतं. मेलेल्या माणसाचं काहीच बिघडत नाही. मिस्त्रीचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ड्रायव्हर आपला होता तसा, भर चाळिशीतला, हसतमुख. शेजारीण म्हणायची, "ड्रायव्हर असते तर ही ट्यूब कधीच बदलली असती." न्हावी गळ्याला कापड बांधता बांधता सांगायचा, "ड्रायव्हर म्हणजे काय माणूस! पाण्याचा रंग बघून सांगायचे, खाली कुठला मासा आहे." वस्तरा मानेवर असल्यामुळे मिस्त्रीला उलट बोलता यायचं नाही.

खरं तर तलाव मिस्त्रीचा होता. त्याचा सगळा जन्म धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता. पण मासे धरण्यात त्याच्या हाताला यश नव्हतं. एकदा गळाला काहीतरी दणदणीत लागलं म्हणून सगळे धावत आले, आणि ओढून काढलं तर त्याचाच, मागच्या वर्षी पाण्यात पडलेला रिंग पाना. तो त्यानं तेल घालून अजून वापरात ठेवला होता, पण मासेमारीच्या क्लबात पान्याला कप देत नाहीत.

ड्रायव्हरला कप मिळाला होता. साडेतीन किलोचा, मोठतोंड्या जातीचा मासा! त्या वर्षीचा सर्वात मोठा. भुसा भरून, रंगवून, काचेचा डोळा बसवून त्यानं तो लाकडी फळीवर मढवून घेतला आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगला. मिस्त्रीची खुर्ची नेमकी त्याच्या समोर येई. जेवताना मिस्त्री ताटाकडे बघायचा आणि मासा मिस्त्रीकडे. शिवाय क्लबातल्या बोर्डावर मोठतोंड्यांचे पहिले तीन मानकरी लिहिलेले असत. मागून दोघांनी मोठे मासे धरले तरी ड्रायव्हरचं नाव तिसऱ्या जागी टिकून होतं. इंजिनाचे पैसे मागायला क्लबात गेलं की मिस्त्री त्या बोर्डाकडे पाठ करून उभा राहायचा.

या सगळ्याला पंधरवड्यापूर्वी भलतंच वळण लागलं होतं. तलावावर नव्या निरीक्षकबाई आल्या होत्या. त्यांनी धक्क्यावरच्या सगळ्यांना गोळा केलं. तलावात मोठतोंड्या भरपूर आहे, पण त्याच्यासारखाच दिसणारा ठिपक्या कमी होत चाललाय, म्हणून गळाला लागलेला ठिपक्या यापुढे परत पाण्यात सोडायचा, असा नवा नियम होता. आता सोडायचा म्हणजे आधी ओळखायला हवा. बाईंनी दोन टबांत दोन मासे आणले होते. जुळे भाऊ म्हणावेत इतके सारखे.

"अंगावरच्या पट्ट्यावर जाऊ नका," बाई म्हणाल्या, "तो दोघांनाही असतो. जबडा बघा. मोठतोंड्याचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, ठिपक्याचा डोळ्याखालीच संपतो. पण तोंड मिटलेलं असतानाच हं! तोंड वासलं की सगळेच मोठतोंडे. मग पाठीवर बघायचं. पुढचा काटेरी पर आणि मागचा मऊ पर यांच्यात खोल खाच असेल, जवळजवळ तुटलेलेच असतील, तर मोठतोंड्या. सलग जोडलेले असतील तर ठिपक्या. एवढं करूनही शंका राहिली तर अंगठा घाला तोंडात. ठिपक्याच्या जिभेवर दातांची खरखर लागते. मोठतोंड्याची जीभ बहुतेक वेळा गुळगुळीत."

बाकीचे अंगठे पुढे करून माशांच्या जिभा चाचपत होते, आणि मिस्त्री ठिपक्याच्या पाठीकडे टक लावून बघत होता. असा सलग, न तुटलेला पर त्यानं कुठेतरी पाहिला होता. रोज पाहिला होता, दोन वेळा, ताटावरून मान वर करून.

आता जीभही सांगून गेली. ड्रायव्हरनं धरला होता तो मोठतोंड्या नव्हताच. कप होता मोठतोंड्याचा, आणि यानं नेला ठिपक्या दाखवून! पाण्याचा रंग बघून सांगणाऱ्याला हातात धरलेला मासा ओळखता आला नव्हता. मिस्त्रीनं मनातल्या मनात ही बातमी न्हाव्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, मग पुन्हा एकदा न्हाव्याला सांगितली. बायकोला कशी सांगायची ते तो चवीचवीनं ठरवत राहिला. मुलगी घरी येईल तेव्हा, जेवताना, सहज आठवल्यासारखं करून.

तत्पूर्वी खात्री करावी म्हणून तो क्लबात गेला. काटेवाले व्हरांड्यात बसले होते. क्लबात येणारा प्रत्येक मासा आजवर त्यांच्याच काट्यावर चढला होता. मिस्त्रीनं इंजिनाबद्दल इकडचं तिकडचं बोलून घेतलं.

"काका, ठिपक्या किती मोठा होतो हो?"

"ठिपक्या? दीड किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. का रे?"

"असंच. समजा, साडेतीन किलोचा निघाला तर?"

काटेवाले हसले. "तर मी पहिल्यांदा काटा दुरुस्तीला पाठवीन. एवढा मासा आला की आम्ही तोंडही बघत नाही, सरळ मोठतोंड्या म्हणून मोकळे होतो. ठिपक्या एवढा होतोच कुठे?"

"पण झालाच तर?"

"झालाच तर बोर्ड नवीन करावा लागेल. त्या माणसाचं नाव एकट्याचं, सर्वात वर. अरे, मोठतोंड्याचे मानकरी काय, आज ना उद्या बदलतात. साडेतीन किलोच्या ठिपक्याला या तलावात कोण मागे टाकणार? माझ्या नातवाच्या नातवापर्यंत ते नाव हलायचं नाही."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला तो खाली ओढायला निघाला होता, तो आपल्या पायांनी चालत बोर्डाच्या टोकावर जाऊन बसला होता. घरी परतताना त्यानं वाटेत एका दगडाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

त्यानं मूग गिळले. कुणाला काय पडलंय? मासा मेलेला, माणूस मेलेला. सांगितलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण जेवायला बसलं की घास फिरायचा. पूर्वी मासा नुसता बघायचा. आता तो, तोंड वासून, काहीतरी ठाऊक असल्यासारखा बघत होता.

रविवारी मुलगी आली. ती आता स्वतः शाळेत शिकवत होती आणि शाळेजवळच खोली घेऊन राहत होती. मिस्त्रीला ती काका म्हणायची. तिनं चप्पलही न काढता सांगितलं, "आई, बाबांचं नाव काढणार आहेत बोर्डावरून."

"कुणी सांगितलं?"

"क्लबाचे सेक्रेटरी भेटले. कुणा दातांच्या डॉक्टरनं चार किलोचा मोठतोंड्या धरलाय. बाबा चौथे झाले. बोर्डावर तीनच नावं ठेवतात. पुढच्या रविवारी नवीन रंगवणार."

मिस्त्रीनं ताटातून मान वर केली नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घरबसल्या, फुकटात झालं होतं. एका दातांच्या डॉक्टरनं केलं होतं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प तो बसलेलाच होता.

"काढू देत," बायको म्हणाली. "किती वर्षं राहणार?" तिनं मुलीला जेवायला वाढलं. स्वतःच्या ताटात मात्र काही घेतलं नाही.

मुलगी गेल्यावर तिनं भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग बाहेर येऊन म्हणाली, "तो मासाही काढा खाली."

"कशाला?" हे आपण का विचारलं ते मिस्त्रीला कळलं नाही.

"तुम्हाला तो खुपतो. मला काय दिसत नाही? ताटावर बसलात की कपाळाला आठ्या. बोर्डावर नाव होतं तोवर म्हटलं, असू दे, लोक येतात, बघतात, पोरीला बरं वाटतं. आता कशाला? माळ्यावर टाकू."

मिस्त्रीनं स्क्रू काढले. मासा हातात आला तो इतका हलका की त्याचा तोलच गेला. बायकोनं टेबलावर जुनी चादर पसरली होती. तिनं मासा त्यावर ठेवला, शेपटीकडून चादर आणली, कडा आत दुमडल्या, घट्ट, सुरकुती न पडू देता. दवाखान्यात हे काम तिच्या हातांनी किती वेळा केलं असेल. डोक्याशी आल्यावर मात्र हात थांबले. काचेच्या डोळ्यावर बसलेली धूळ तिनं पदरानं पुसली आणि चादरीचं शेवटचं टोक उचललं.

मिस्त्रीला ते बघवेना. जळफळाट कमी झाला होता असं नव्हे. उलट त्या पदराच्या टोकाचाही त्याला हेवा वाटला. आपण मेल्यावर ही अशीच थांबेल का, एवढाच प्रश्न डोक्यात आला, आणि तो विचारायची सोय नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "तो मोठतोंड्या नाहीये."

बायकोनं टोक सोडलं नाही. "काय?"

"मोठतोंड्या नाहीये तो. चूक झाली होती."

तिचा चेहरा लालबुंद झाला. एवढी चिडलेली त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. "एवढंच राहिलं होतं! भिंतीवरून उतरवला तरी समाधान नाही तुमचं? आता मेलेल्या माणसाला खोटं ठरवायचंय? कप चोरला म्हणा! म्हणा ना!"

"अगं, ऐकून तर घे—"

"काय ऐकू? इतकी वर्षं एक शब्द बोलले नाही मी. त्यांचा फोटोसुद्धा कपाटात ठेवला तुमच्यासाठी. एक मासा सहन झाला नाही तुम्हाला!"

"तो ठिपक्या आहे!" मिस्त्री ओरडलाच. "साडेतीन किलोचा ठिपक्या! या तलावात दीड किलोच्या वर ठिपक्या जात नाही. काटेवाल्यांना विचार. त्याच्यासारखा मासा आजवर कुणी धरला नाही आणि कुणी धरणारही नाही. तोंड वासलेलं होतं, आकार मोठा होता, म्हणून त्या दिवशी सगळे फसले. तोही फसला. त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही आपण काय धरलंय ते."

मग मिस्त्रीनं बायकोचा हात धरला, चादर बाजूला केली, आणि तिचा अंगठा माशाच्या तोंडात घातला. "आत. अजून आत. जिभेवर. लागलं?"

"खरखरीत आहे."

"मोठतोंड्याची गुळगुळीत असते. आता पाठ बघ. पर सलग आहे ना? मध्ये खाच नाही."

तिनं पाठीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता. मग ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. ते रडणं आपल्यासाठी नाही हे मिस्त्रीला स्वच्छ दिसत होतं. तो पाणी आणायला गेला.

पेला हातात घेऊन तिनं विचारलं, "हे कधी कळलं तुम्हाला?"

"तू लवकर आलीस त्या दिवशी."

"म्हणजे ती धूळ?"

"हो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"जळत होतो."

"मेलेल्यावर?"

"त्याच्यावरच."

"आणि आता?"

"आताही," मिस्त्री म्हणाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. निरीक्षकबाईंनी भिंग लावून पर तपासला, मऊ पराच्या मुळाशी असलेले बारीक खवले बघितले, जिभेवर अंगठा फिरवला आणि मान डोलावली. काटेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. क्लबानं ठरवलं की मासा हॉलच्या दर्शनी भिंतीवर लावायचा, बोर्डापेक्षाही वर, आणि खाली पितळी पट्टी. पट्टी कोरायची कुणी? इंजिनांवर नंबर कोरायचं यंत्र मिस्त्रीकडे होतं. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच कोरा. मासा, वजन, ड्रायव्हरांचं नाव. आणि खाली बारीक अक्षरांत तुमचंही नाव घाला, ओळखणारे म्हणून. तुमच्यामुळेच तर कळलं."

सुट्टीच्या दुपारी मिस्त्री जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसला. मुलगी आली होती. ती आणि तिची आई बाजूला बसून बघत होत्या. वरच्या ओळीत मासा आणि वजन झालं. मधल्या ओळीत नाव. मनातून त्याला ते नाव इंजिनाच्या नंबरासारखं घाईघाईत उरकावंसं वाटत होतं. पण हात ऐकेनात. पट्टी वाकडी कोरायची त्यांना सवय नव्हती. प्रत्येक अक्षराला तो दात-ओठ खात होता आणि प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा चांगलं उतरत होतं. ड्रायव्हरचं, त्याच्या वडिलांचं, आडनाव. मग त्यानं पितळेचा कीस फुंकला आणि यंत्र बंद केलं.

"काका, तुमचं नाव?" मुलीनं विचारलं.

"राहू दे."

"असं कसं? खाली एवढी जागा आहे की."

"असू दे मोकळी."

मुलीचे डोळे भरून आले. "काका, किती मोठं मन आहे हो तुमचं!"

"मन कसलं मोठं!" बायको म्हणाली. "त्याच्या खाली राहायचं नाहीये यांना."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं टेबलावरून हात पुढे करून त्याच्या बाहीवरचे पितळेचे कण झटकले.

"खाली नको तर नको," ती म्हणाली. "शेजारी घाला."

मिस्त्रीनं चष्मा सारखा केला आणि पट्टी उजेडाकडे धरली. ड्रायव्हरचं नाव त्यानं या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरलं होतं, अक्षराअक्षरांत सारखं अंतर ठेवून. ते फार सुरेख उतरलं होतं, आणि शेजारी एका अक्षरापुरतीही जागा उरली नव्हती.